280 की 268? आधी कॅमचं कार्ड मागा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. 9:1 कॉम्प्रेशनचं, कार्ब्युरेटरवालं पुशरॉड इंजिन उघडलंच आहे, तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) बदलून ॲव्हरेजही वाढवावं आणि पिकअपही, असं तुमचं म्हणणं. कॅम घासून देणारा ग्राइंडिंगवाला 280 घ्या म्हणतो, तुमचं मन 268वर आहे. (हे आकडे ड्युरेशनचे, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो ते.) लिफ्ट, लोब सेपरेशन वगैरे तुम्हाला माहीत दिसतं, ते सोडून देतो.

हा 280 मोजला कुठून, ते विचारलंत का? व्हॉल्व्ह जेमतेम हलला तिथून मोजलं तर एक आकडा येतो, टॅपेट (कॅमवर टेकून वर-खाली होणारा तुकडा) 1.27 मिलिमीटर उचलल्यावर मोजलं तर दुसराच. चाळीस-पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून दोन दुकानांचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

माझ्या मते तुम्ही एकाच गोष्टीवर अडून बसा: इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो. पिस्टन वर निघाल्यावरही तो उघडा राहिला, तर कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकललं जातं आणि तुमचं 9:1 कागदावरच राहतं. वरच्या आरपीएमला हवेला वेग असतो, तेव्हा तोच उशीर कामाला येतो. हिशेब असा: ड्युरेशनचं अर्धं, त्यात इनटेक सेंटरलाइन (पिस्टन अगदी वर असल्यापासून किती अंशांनी इनटेक व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडतो तो आकडा) मिळवा, 180 वजा करा. सेंटरलाइन 106 धरली तर 280चा कॅम बॉटम डेड सेंटरनंतर (पिस्टन अगदी खाली पोचल्यानंतर) 66 अंशांवर बंद होतो, 268चा 60वर, 256चा 54वर. (प्रियससारख्या गाड्या व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद करून इंधन वाचवतात, खरं आहे. पण त्यांचं कॉम्प्रेशन मुळात जास्त असतं आणि कमी पडलेला टॉर्क मोटर भरून काढते. नुसता कॅम टाकून ते होत नाही.)

आता माझं रडगाणं. मी ॲव्हरेजसाठीच 256चा कॅम मागवला होता, सेंटरलाइन 106. पार्सल आलं, त्यात कार्ड (कॅमची मापं लिहिलेला कागद) नव्हतं. दुकानाचं नाव घेत नाही. फोन केला तर, "टायमिंग गिअरवरचे डॉट जुळवून बसवा, कार्ड काय करायचंय?" बसवला. गाडी कमी आरपीएमला मेलेली, वरच्या आरपीएमला जरा बरी, पेट्रोल आधीपेक्षा जास्त. मग त्यांचे सल्ले सुरू: जेट बदला, इग्निशन पुढे घ्या, प्लग बदला. कॅम तपासू, एवढं मात्र कोणी म्हणेना. शेवटी डिग्री व्हील (क्रँकचे अंश दाखवणारी चकती) आणि डायल गेज (उचल मोजणारं) लावलं. सेंटरलाइन निघाली 113! म्हणजे इनटेक 54ऐवजी 61वर बंद होत होता, 106वर बसवलेला 270चा कॅम होतो नेमका तिथेच. हे दाखवलं तर म्हणे तुमचं गेजच चुकतंय. लोबमध्ये (कॅमच्या उंचवट्यात) खोट की टायमिंग सेटमध्ये (कॅम फिरवणाऱ्या गिअर-चेनमध्ये), यावर ते आजही वाद घालतील. ऑफसेट की (कॅमचा कोन सरकवणारी खास चावी) टाकून कॅम पुढे घेतला, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर बंद होईल असा केला, तेव्हा गाडी सुधारली; गॅस्केट, ऑइल आणि मजुरीचे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून कार्ड दिल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका, आणि कार्ड असलं तरी बसवताना मोजा. कॅम पुढे घेतलात तर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. तिथे साधारण 2 मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच तरी मोकळे हवेत. पिस्टनवर मऊ क्ले ठेवून हाताने इंजिन फिरवलं की कळतं.

रोजच्या गाडीला मी 268सुद्धा घेणार नाही, 256च्या आसपास राहीन. 280ला आयडल खडबडीत होईल, व्हॅक्यूम पडेल. पॉवर ब्रेक त्याच व्हॅक्यूमवर चालत असतील तर ते गंमतीचं नाही. ॲव्हरेज आणि पिकअप दोन्ही मिळेल म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. होंडाने 1989मध्ये व्हीटेक आणलं त्यात कमी आणि जास्त आरपीएमसाठी वेगळे लोब दिले, ते उगाच नाही. अर्थात हे माझं मत. तुमचं हेड मी पाहिलेलं नाही.

आणि एक. टॅपेट फ्लॅट (सपाट, कॅमवर घासणारे) असतील तर नव्या कॅमवर जुने टॅपेट अजिबात नको. पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलला सोडू नका. वीस-तीस मिनिटं 2000 ते 2500 आरपीएमवर ठेवा, ऑइल जास्त झिंकवालं. रोलर (चाकावर फिरणारे) असतील तर एवढं लागत नाही. तुमचे कोणते आहेत, हायवेला टॉप गिअरमध्ये आरपीएम किती असतो आणि टायरचा साइझ काय, हे लिहा, मग नक्की आकडा सांगता येईल.