ज्यू असून झायोनिझमला विरोध? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: नमस्कार. आमच्या कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर इस्रायलवरून रोज वाजतंय. एकाने फॉरवर्ड टाकला की आईनस्टाईन इस्रायलच्या विरोधात होता, दुसऱ्याने लगेच टाकलं की त्याला तर तिथलं राष्ट्राध्यक्षपद देऊ केलं होतं. दोन्ही खरं कसं असेल? आणि ज्यू असून झायोनिझमवर (पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं स्वतःचं घर उभारायच्या चळवळीवर) टीका करणारे म्हणजे आपल्याच माणसांवर उलटलेले म्हणायचे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: दोन्ही फॉरवर्ड अर्धे अर्धे खरे आहेत, म्हणूनच भांडण मिटत नाहीये. 1921 साली आईनस्टाईन झायोनिस्ट नेता वाइझमनबरोबर अमेरिकेत फिरला, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठासाठी पैसे गोळा करायला. पण 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात त्याने स्पष्ट सांगितलं की ज्यूंचं वेगळं राज्य करण्यापेक्षा अरबांशी समजुतीने एकत्र राहणं मला जास्त पटतं, सीमा, सैन्य आणि सत्ता आली की संकुचित राष्ट्रवादाने ज्यू धर्माचं आतून नुकसान होईल अशी भीती वाटते. डिसेंबर 1948 मध्ये इस्रायलचा उजवा नेता बेगिन अमेरिकेत आला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याच्या पक्षाविरुद्ध जे पत्र छापून आलं त्यावर आईनस्टाईनची आणि ज्यू विचारवंत हॅना आरेंटचीही सही होती, आणि त्यात देर यासिन या अरब गावात ज्यू सशस्त्र गटांनी केलेल्या हत्याकांडाचा उल्लेख होता. तरी 1952 मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षपद देऊ केलं गेलं आणि त्याने ते नाकारलं. म्हणजे माणूस ज्यूंच्या बाजूचाच, फक्त त्याला घर हवं होतं आणि राज्याची धास्ती होती. घर आणि राज्य हा फरक लक्षात ठेवा, सगळा वाद त्यातूनच निघतो.

आता "उलटलेले" या शब्दाबद्दल. मला तो शब्द खरंच लागला, कारण ही माणसं वाचली की उलटंच दिसतं. अहद हाआम घ्या. हा झायोनिस्टच, हिब्रू भाषा आणि संस्कृती परत उभी राहावी म्हणून आयुष्यभर झटला. 1891 साली पॅलेस्टाईन बघायला गेला, तेव्हा बाझेलची पहिली झायोनिस्ट काँग्रेस व्हायलाही सहा वर्षं बाकी होती. परत येऊन त्याने लिहिलं की आपण परदेशात बसून समजतो ती जमीन ओसाड पडलीय, पण इथे पेरलेली नाही अशी शेतं शोधून सापडत नाहीत, मोकळे आहेत ते वाळूचे ढिगारे आणि दगडांचे डोंगर. नव्याने वसायला आलेले काही ज्यू अरबांना विनाकारण मारझोड करतात हेही त्याने लिहिलं, स्वतःच्याच लोकांच्या पेपरात. शत्रू असता तर इतकं जवळून बघितलंच नसतं.

दुसरं नाव आपण शाळेत पाठ केलेलं आहे, फक्त तो ज्यू होता हे कोणी सांगितलं नव्हतं. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधला एडविन माँटेग्यू! 1917 मध्ये तो भारतमंत्री होता, ब्रिटिश कॅबिनेटमधला एकमेव ज्यू, आणि पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या बाल्फोर जाहीरनाम्याला सगळ्यात कडवा विरोध त्याचाच. ऑगस्टमध्ये त्याने सरकारच्याच धोरणाला ज्यूद्वेष्टं म्हणणारं टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं सरळ होतं, ज्यूंचं राष्ट्रीय घर पॅलेस्टाईन असं एकदा जाहीर केलंत की प्रत्येक देश आपल्या ज्यू नागरिकांना म्हणेल, जा तिकडे. मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याने हेही विचारलं की माझं घर तुर्कांच्या मुलखात आहे (पॅलेस्टाईन तेव्हा तुर्की साम्राज्यात होतं) असं तुम्ही जगाला सांगितल्यावर भारतातल्या लोकांशी तुमच्या वतीने मी बोलणी कोणत्या तोंडाने करू? निर्णय होईपर्यंत तो भारताच्या वाटेवर निघालाही होता. इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना धक्का लागणार नाही हे वाक्य जाहीरनाम्यात आलं त्यामागे त्याच्यासारख्यांचाच दबाव होता. त्याचा सख्खा चुलतभाऊ हर्बर्ट सॅम्युअल मात्र झायोनिझमच्या बाजूचा, पुढे पॅलेस्टाईनचा पहिला ब्रिटिश हाय कमिशनर झाला. एकाच घरात दोन टोकं.

पण या टीकाकारांची एकच पार्टी होती असंही समजू नका. इस्रायली विचारवंत लायबोविट्झ कर्मठ धार्मिक, स्वतःला झायोनिस्टच म्हणवायचा, पण 1967 च्या युद्धानंतर लगेच सांगायला लागला की ताब्यात घेतलेला प्रदेश सोडा, नाहीतर लाखो अरबांवर राज्य करता करता आपला देश गुप्त पोलिसांचा देश होईल. आणि इतिहासकार आयझॅक डॉइचर मार्क्सवादी, देवधर्म न मानणारा. हिटलरनंतर त्याने आपला जुना विरोध सोडला, वर खंतही व्यक्त केली की युरोपातल्या ज्यूंना पॅलेस्टाईनला जा असं आम्ही सांगितलं असतं तर काही जीव वाचले असते. त्याचाच एक दाखला तुमच्या ग्रुपवर टाका. जळत्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून एक माणूस उडी मारतो, घरातली बरीच माणसं आत जळून गेलीत. तो वाचतो, पण खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसावर पडतो आणि त्याचे हातपाय मोडतात. उडी मारणाऱ्याला दुसरा पर्याय नव्हता, आणि खालच्याने तर काहीच केलं नव्हतं. डॉइचर म्हणतो, वरच्याने खालच्याला मदत केली असती, धीर दिला असता, आणि यात दोघांचाही दोष नाही हे खालच्याने ओळखलं असतं तर वैर झालंच नसतं. पण खालच्याने बदला घ्यायची शपथ घेतली, आणि त्या सुडाच्या भीतीने वरचा त्याला लाथा घालायला लागला.

प्रश्न: गांधीजींनी याच विषयावर इथून लेख लिहिला होता असं ऐकलंय. ज्यूंनी त्याला काय उत्तर दिलं?
– एक वाचक, वर्धा

उत्तर: हो, तुमच्याच शेगावातून, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. 26 नोव्हेंबर 1938 च्या 'हरिजन'मध्ये तो छापला. जर्मनीत सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळल्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. गांधीजींनी लिहिलं की माझी सहानुभूती ज्यूंकडे आहे, पण इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाईन अरबांचं, आणि जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा.

उत्तर दिलं ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबरने, आणि यातच खरी गोम आहे, कारण बूबर स्वतः ज्यू राज्याच्या विरोधात होता, ज्यू आणि अरब दोघांचा मिळून एक देश व्हावा म्हणणाऱ्या गटातला. हिब्रू विद्यापीठाचा प्रमुख ज्यूडा मॅग्नेसही त्याच मताचा, त्यानेही वेगळं पत्र लिहिलं. म्हणजे गांधीजींना जवळचे वाटावेत असेच दोघं, आणि दोघंही दुखावलेले. बूबर पाच वर्षं नाझी राजवटीत राहून आला होता. त्याने लिहिलं की मी तिथे ज्यूंचा सत्याग्रह डोळ्यांनी पाहिलाय, त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. शिवाय दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या पाठीशी भारत होता, आमच्या पाठीशी कोण? या जमिनीवर दोन हक्क आहेत, दोन्ही खरे, एकाच मापाने मोजता येत नाहीत, म्हणून दोघांनी मिळून वाट काढायची, असं त्याचं म्हणणं.

फेब्रुवारी 1939 च्या त्या पत्राच्या शेवटी तो सांगतो की हे मी फार हळू लिहिलं, एका लहान परिच्छेदानंतर दुसरा लिहायला कधी कधी दिवस गेले, मध्ये थांबून स्वतःला तपासत होतो की मी कुठे सामूहिक स्वार्थात तर अडकलो नाही ना. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचता आलं नाही, पत्र बाजूला ठेवलं.

गांधीजींकडून त्याला उत्तर आलं नाही. इस्रायल झाल्यावर बूबर तिथेच राहिला, अरब नागरिकांवरच्या लष्करी अंमलाविरुद्ध बोलत राहिला, ज्यूंच्या कत्तलीत सामील असलेला नाझी अधिकारी आइकमन याला फाशी देऊ नका असं त्याने पंतप्रधान बेन गुरियनला सांगितलं. 1965 साली जेरुसलेममध्ये तो वारला तेव्हा अंत्यविधीला अरब विद्यार्थ्यांच्या संघटनेने येऊन फुलं वाहिली.