'सेट' या एका इंग्रजी शब्दाला ४३० अर्थ आहेत असं वाचलं. हे खरं आहे का, आणि इतके अर्थ लक्षात कसे ठेवायचे?

आकडा खरा आहे, पण जुना. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली. तिच्यात 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ होते आणि ती एकटी नोंद साधारण ६०,००० शब्दांची होती. पुढे त्या कोशाचं नव्याने काम सुरू झालं, तेव्हा 'रन' ६४५ अर्थांवर गेला आणि 'सेट'चा पहिला नंबर हुकला. लक्षात कसे ठेवायचे, तर ठेवायचे नाहीत.

आता मी एवढं का लिहितोय ते सांगतो. मी एकतीस वर्षं सेटर म्हणून नोकरी केली. भोसरीत, स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कंपनीत, कॉइलिंग मशीनवर. मशीन चालवतो तो ऑपरेटर, मशीन चालवण्याजोगं करून देतो तो सेटर.

आमचे साडू इंग्रजीचे प्राध्यापक. प्राध्यापकीसाठी जी परीक्षा असते, तिचं नावही सेटच. ती ते पहिल्या झटक्यात पास झाले, हे मी त्यांच्याच तोंडून निदान पन्नास वेळा ऐकलंय. धाकट्या मेव्हण्याच्या साखरपुड्याला पंगतीत शेजारच्या पाहुण्यांनी मला विचारलं, "आपण काय करता?" मी म्हटलं, "सेटर आहे." त्यावर साडू जिलबी मोडता मोडता म्हणाले, "सेटर म्हणजे इंग्लिशमध्ये कुत्र्याची जात असते बरं का." पंगत हसली. मीही हसलो. सासुरवाडीत जावयाने दुसरं काय करायचं? परत येताना बायको स्कूटरवर मागून सांगत होती, मनाला लावून घेऊ नका. म्हणजे मी लावून घेतलंय हे तिला दिसत होतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, २००२ च्या सुमाराला, आम्ही इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाला कॉम्प्रेशन स्प्रिंगांची पहिली खेप पाठवली. महिन्याभराने त्यांची मेल आली. त्यातलं वाक्य मला आजही पाठ आहे: "द स्प्रिंग्ज हॅव टेकन अ सेट." खाली, कृपया कळवावे, वगैरे. मार्केटिंगला एक नवा मुलगा होता. इंग्रजी माध्यमाचा, चुणचुणीत, टायबिय लावणारा. तो वाचून खूश. स्प्रिंगांचा एक सेट घेतला म्हणतायत, माल पसंत पडला! वाक्य जरा वाकडं आहे, पण घाईत लिहिलं असेल, असा त्याने अर्थ लावला आणि उलट टपाली "धन्यवाद, दुसरा सेट तयार आहे" असं कळवूनही टाकलं.

मी काही कामाने डिस्पॅचला गेलो, तर तिथे त्याच पार्ट नंबरची खोकी भरणं चाललेलं. पॅकिंगचा पोऱ्या म्हणाला, "मामा, लंडनवाल्याने एक सेट घेतला, दुसरा चाललाय." माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. मी विचारलं, "लंडनवाल्याने सेट घेतला, का स्प्रिंगने?"

तो बघतच राहिला. मी वर ऑफिसात जाऊन मेलची प्रिंट मागून घेतली. स्प्रिंगनेच घेतला होता. ती तक्रार होती हो, शाबासकी नव्हती. स्प्रिंग दाबून सोडल्यावर मूळ उंचीला परत आली नाही की धंद्यात म्हणतात, स्प्रिंगने सेट घेतला. आमच्याकडे त्याच लॉटचे नमुने राखून ठेवलेले होते. एक काढला, मोजायला व्हर्नियर लावला, फ्री लेंथ, म्हणजे न दाबता असलेली उंची, ६२ एमएम. व्हाइसमध्ये वेटोळी टेकेपर्यंत दाबला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी सोडून मोजला तर साडेएकोणसाठ. मॅनेजरसमोर टेबलावर व्हर्नियर तसाच धरून उभा राहिलो, काही बोललो नाही.

आता कबूल करायचं तर चूक शॉपचीच, म्हणजे माल बनवणाऱ्या आमच्या खात्याचीच होती, आणि शॉप म्हणजे त्यात मीही आलो. अशी स्प्रिंग गुंडाळतानाच थोडी उंच ठेवतात, आणि भट्टीत शेकून झाली की प्रेसखाली तीन-चार वेळा पूर्ण दाबतात. जेवढं खचायचं तेवढं तिथेच खचतं, मग गिऱ्हाइकाकडे खचत नाही. याला प्रीसेटिंग म्हणतात. त्या लॉटला घाई होती म्हणून ही पायरी गाळली होती. पुन्हा लॉट केला, विमानाने पाठवला, भाडं कंपनीने भरलं. तो मुलगा नंतर मला विचारत होता, "काका, हे इंग्लिश तुम्हाला कुठे शिकवलं?" मी म्हटलं, आयटीआयला, हॅक्सॉ ब्लेडपासून. ब्लेडचे दात सरळ रेघेत नसतात, एक डावीकडे एक उजवीकडे झुकवलेले असतात. त्यामुळे खाच पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही. त्या झुकवण्यालाही सेटच म्हणतात. फिटरला हे पहिल्याच वर्षी शिकवतात.

तर मुद्दा. माझी मुलगी शिकत असताना तिने मला कोशात दाखवलं की हे क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या 'बसणे' या क्रियापदावरून आलंय. 'सिट' म्हणजे बसणे, 'सेट' म्हणजे बसवणे. एवढंच. हे कळल्यावर मी हसत सुटलो, कारण आपण काय वेगळं करतो? खडा कोंदणात बसवतो, दात बसवतो, नाटक बसवतो, घडी बसवतो. घसा बसतो, धंदा बसतो, चिमटा बसतो, लग्नात खर्च किती बसला ते विचारतो, आणि तरी आपला विश्वास बसत नाही. जुनी गादी बसते, गाडीचे शॉकॲब्सॉर्बर बसतात. म्हणजे ती लंडनची मेल कुणी मराठीत लिहिली असती, "स्प्रिंगा बसल्या", तर पॅकिंगच्या पोऱ्यालाही कळली असती. 'बसणे'चे अर्थ मोजायला कुणी बसलं नाही म्हणून, नाहीतर आकडा काही कमी भरला नसता. तुम्ही ते पाठ केले होते का कधी?

तेव्हा तुम्हाला वाक्यात 'सेट' दिसला की आधी विचारा, काय कुठे बसतंय किंवा कोण काय बसवतंय. सिमेंट सेट होतं म्हणजे जागेवर बसतं, घट्ट धरतं. पण कडक झालं असं नाही, त्याची खरी ताकद २८ दिवसांनी बघतात. हा फरक न कळल्यामुळे स्लॅबचे टेकू लवकर काढणारे लोक मी बघितलेत. आणि हो, तो कुत्रा. सेटर कुत्र्याला शिकारीचा वास लागला की तो भुंकत नाही, धावत नाही, जागच्या जागी दबून बसतो. त्यावरून ते नाव. म्हणजे मी बसवणारा आणि तो बसणारा, आणि काम दोघांचंही चोख. साडूंना हे माहीत नसावं, नाहीतर पंगतीत सांगितलं असतं.

आपल्याकडे या शब्दाला जी वेगळी पालवी फुटलीय, पोरगा पुण्यात सेट झाला, फायलीचं सेटिंग लावलं, ती धरली तर आकडा आणखी वाढेल. ती सोडून द्या.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. माझी बसवण्याची युक्ती सगळीकडे चालत नाही. स्पर्धा परीक्षेला 'सेट ऑफ', 'सेट अबाउट' असलं विचारतात, तिथे ते पाठच करावं लागतं. त्यासाठी माझ्यापेक्षा साडू बरे. दुसरं म्हणजे 'टी सेट'मधला सेट, म्हणजे संच, हे नाम बऱ्याच अंशी जुन्या फ्रेंचमधून वेगळ्या वाटेने आलंय, लॅटिनमध्ये त्याचं मूळ 'अनुयायांचा गट' या अर्थाच्या शब्दात आहे. दोन वेगळे शब्द इंग्रजीत येऊन एकमेकांत मिसळले. त्यामुळे कपबश्यांत कोण कुठे बसतंय ते शोधत बसू नका.

या दुसऱ्या सेटवरून आठवलं. चार वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही कुटुंबं बेंगळुरूला गेलो होतो. सकाळी हॉटेलात पाटीवर 'सेट दोसा' लिहिलेलं. बायकोने विचारलं, हे काय असतं? साडूंनी लगेच समजावलं की पीठ तव्यावर न पसरता तसंच सेट होऊ देतात, म्हणून सेट दोसा. मी गप्प. वेटरने तीन जाडसर दोसे एकावर एक ठेवलेली ताटली आणून त्यांच्यापुढे ठेवली. साडू म्हणाले, "मी एकच सांगितला होता." वेटर म्हणाला, "सर, एकच आहे. तीनचा सेट."