नर्व्ह गॅस फक्त श्वासातून जातो का? मास्क लावला की माणूस सुरक्षित का?

नाही, नुसत्या मास्कने भागत नाही. आणि घोळाचं मूळ त्या 'गॅस' शब्दातच आहे.

खरा नर्व्ह एजंट (नर्व्ह गॅसचं नेमकं नाव हे) मी कधी पाहिलेला नाही, पाहायची हौसही नाही. पण अतिदक्षता विभागात त्याचे चुलतभाऊ वरचेवर भेटतात : ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं. नातं खरंच घरातलं आहे. जर्मनीत गेरहार्ड श्राडर किडे मारायचं औषध शोधत होता आणि १९३६ मध्ये त्याच्या हाती टाबुन हा नर्व्ह एजंट लागला. दोन वर्षांनी सरीन.

हे नर्व्ह एजंट साध्या तापमानाला द्रव असतात. सरीन लवकर उडतं, त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचते. फुप्फुसांतून ती थेट रक्तात जाते आणि काही मिनिटांतच लक्षणं दिसतात, मात्रा मोठी असेल तर त्याआधीच. व्हीएक्स नावाचा एजंट मात्र तेलकट. ते पडल्या जागी राहतं आणि कातडीतून झिरपतं. थेंब लहान असेल तर त्रास सुरू व्हायला काही तासही लागतात. २०१७ मध्ये क्वालालंपूरच्या विमानतळावर उत्तर कोरियाच्या किम जोंग उनचा सावत्र भाऊ किम जोंग नाम याच्या चेहऱ्याला व्हीएक्स फासलं होतं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत नोविचोक नावाचं तसलंच विष घराच्या दाराच्या मुठीला लावलं होतं. धूर नाही, ढग नाही.

आत गेल्यावर काय होतं? मज्जातंतू स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतो तो ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम ते लगेच तोडून टाकतं. नर्व्ह एजंट या एन्झाइमलाच जाऊन चिकटतो. मग निरोप पुसलाच जात नाही, बेलचं बटण आत अडकून बसावं तसं.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन सोडलं तेव्हा अनेकांना आधी जाणवलं ते हेच, की सगळं अंधारून आलंय. नाक, डोळे, तोंड वाहू लागतं, घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, लघवी सुटते. खरी भीती छातीची. श्वासनलिका आवळते आणि आतून पाझरतही राहते. सक्शनची नळी घालून फेस ओढावा, तर नळी बाहेर काढेपर्यंत घशात पुन्हा गुळगुळ सुरू. पोटरीच्या कातडीखाली गांडुळं वळवळल्यासारखे स्नायू फुरफुरतात, मग थकून लुळे पडतात. त्यात श्वासाचे स्नायूही आले. मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात ते वेगळेच. मृत्यू बहुतेक वेळा श्वास बंद पडून होतो.

उपचारात पहिलं औषध ॲट्रोपिन. आम्ही दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जातो, छाती कोरडी होईपर्यंत. (नवखा डॉक्टर बाहुल्यांकडे टॉर्च मारत बसतो. अरे बाबा, स्टेथोस्कोप लाव!) लुळ्या स्नायूंवर मात्र ॲट्रोपिन चालत नाही. तिथे प्रॅलिडॉक्साइम लागतं, ते एन्झाइमची सुटका करतं. पण वेळेत दिलं तरच. सोमन नावाच्या एजंटचा बंध काही मिनिटांत न सुटण्याइतका पक्का होतो, सरीनला काही तास लागतात. त्यानंतर शरीर नवीन एन्झाइम बनवेपर्यंत व्हेंटिलेटरच्या आधारावर वाट पाहायची.

या सगळ्याच्या आधी कपडे. टोकियोत रुग्णांच्या कपड्यांतून उठणाऱ्या वाफेने दवाखान्यातले डॉक्टर-नर्सच आजारी पडले होते. म्हणून कपडे डोक्यावरून ओढायचे नाहीत, कात्रीने कापायचे आणि पिशवीत बंद करायचे. अंग साबण-पाण्याने, डोळे नुसत्या पाण्याने धुवायचे. आणि हे करणाऱ्याने स्वतःचे हात-तोंड आधी झाकायचे.

वाचलेले सगळेच ठणठणीत होतात असंही नाही. टोकियोतल्या काही जणांची डोळे थकण्याची, धूसर दिसण्याची तक्रार पुढे कित्येक वर्षं राहिली, आणि भुयारी गाडीत पाऊल टाकताना छातीत होणारी धडधडही.