अर्ध्या तासात आलेला गुण पानांचा नसतो

प्रश्न : चिनी कॅप्सुलांच्या डबीवर ‘यिन यांग हुओ अर्क, 500 मि.ग्रॅ., 10:1’ असे छापले आहे. ही वनस्पती कोणती? तिने कामेच्छा खरोखर वाढते का, आणि किती दिवसांत?

उत्तर : एपिमेडियम नावाचे सावलीत वाढणारे छोटे रोप असते, त्याची वाळलेली पाने म्हणजे यिन यांग हुओ. नावातले ‘यिन-यांग’ तत्त्वज्ञानातले नव्हे. इथे ‘यांग’ म्हणजे बकरी-मेंढी. ही पाने खाणारे जनावर दिवसभर माजावर असते, अशी कथा थाओ होंगजिंग (456–536) या वैद्यांनी नोंदवून ठेवली आहे.

चिनी औषधकोशात काढ्यासाठी रोजची मात्रा 6 ते 10 ग्रॅम सुकी पाने अशी आहे. 10:1 म्हणजे दहा ग्रॅम पानांचा एक ग्रॅम अर्क, म्हणून तुमची एक कॅप्सूल पाच ग्रॅम पानांइतकी. पण हा झाला पानांच्या वजनाचा हिशेब. ताकद कळायची तर इकारिन या घटकाचे प्रमाण पाहावे लागते. ‘इकारिन 10 टक्के’ लिहिले असेल तर 500 मि.ग्रॅ. अर्कात 50 मि.ग्रॅ. इकारिन. तो आकडा छापलेलाच नसेल, तर आत काय आहे ते उत्पादकाने तुम्हाला सांगितलेले नाही, असेच समजा.

सिल्डेनाफिल (व्हायग्रातले औषध) ज्या एन्झाइमला अडवते, त्यालाच इकारिनही अडवते; मात्र प्रयोगशाळेत ते सुमारे 80 पट दुबळे ठरले, शिवाय तोंडावाटे घेतल्यावर फारच थोडे शोषले जाते. चिनी औषधशाळांत ही पाने मेंढीच्या चरबीत परततात, 100 किलो पानांना 20 किलो चरबी. उष्णतेने इकारिनला जोडलेली साखर काही अंशी सुटते आणि शोषण सुधारते. त्यामुळे नुसत्या कच्च्या पानांची भुकटी भरलेली कॅप्सूल हा सगळ्यांत कमजोर प्रकार.

आणखी एक. रक्तवाहिन्या सैल होऊन ताठरता येणे वेगळे आणि मनात इच्छा उत्पन्न होणे वेगळे. इकारिनचे हे काम पहिल्या प्रकारातले आहे. इच्छेबाबत माणसांवर नीट झालेल्या चाचण्या फार थोड्या आहेत. जिनसेंगवर त्यामानाने अधिक झाल्या. 2021 साली त्या एकत्र तपासल्या तेव्हा ताठरतेतला फरक नगण्य निघाला. तरीही करून पाहायचे असेल तर निदान चार ते आठ आठवडे धरून चाला. फरक पडलाच तर हळूहळू पडेल.

प्रश्न : ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ चिनी गोळी घेतली आणि चाळीस मिनिटांत उत्तम ताठरता आली. मात्र चेहरा लाल झाला, नाक चोंदले, डोके ठणकले. पाने इतकी गरम असतात का?

उत्तर : हे पानांचे काम नाही. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणे सिल्डेनाफिल किंवा त्याच्या भावंडांची आहेत. दृष्टीला निळसर झाक आली तर सिल्डेनाफिलचा संशय वाढतो; दुसऱ्या दिवशी कंबर आणि मांड्या दुखल्या, परिणाम दीड दिवस टिकला, तर टॅडालाफिलचा. 2007 ते 2016 या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने भेसळयुक्त म्हणून नोंदवलेल्या 776 पूरक उत्पादनांपैकी 353 लैंगिक शक्तीची होती, आणि त्यांत सर्वाधिक आढळले ते सिल्डेनाफिल. शिवाय भेसळ करणारे मूळ रेणूत किंचित बदल करून नवे रेणू वापरतात. ते नेहमीच्या तपासणीत निसटतात आणि माणसाच्या शरीरात काय करतात हे कोणी तपासलेलेच नसते.

यातला जिवावरचा धोका नायट्रेट घेणाऱ्यांना आहे. नायट्रेट म्हणजे छातीत दुखले की जिभेखाली ठेवायची गोळी. सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि टॅडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट देता येत नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. आपण फक्त वनस्पती घेतली अशी रुग्णाची समजूत असते, म्हणून तो डॉक्टरांना सांगत नाही, आणि घात तिथेच होतो. छातीत कळ आली तर ‘लैंगिक शक्तीची गोळी अमुक वाजता घेतली’ हे वाक्य सगळ्यांत आधी बोला. त्यात लाज धरू नका.

भेसळ दरवेळी याच औषधाची असते असेही नाही. 2008 मध्ये जानेवारी ते मे या काळात सिंगापूरच्या रुग्णालयांत मधुमेह नसलेले 150 जण रक्तातली साखर धोकादायक पातळीला उतरल्यामुळे दाखल झाले. सात जण कोमात गेले, त्यांतले चार दगावले. लैंगिक शक्तीच्या बेकायदा गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध सापडले. गोळीनंतर दरदरून घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ असे झाले तर ताबडतोब साखर द्या आणि रुग्णालय गाठा. साखर देऊन बरे वाटले म्हणून घरी थांबू नका. या औषधाचा परिणाम तासन्‌तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरते.

तुमच्या गोळ्या आजच बंद करा. वेष्टन आणि उरलेल्या गोळ्या फेकू नका, बॅच क्रमांकासह डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : जिनसेंग आणि हरणाच्या कोवळ्या शिंगाची भुकटी पाच आठवडे घेतली. इच्छा वाढली नाही. तोंड कोरडे पडते, रात्री घाम येतो, झोप उडाली. मात्रा वाढवू का?

उत्तर : वाढवू नका, थांबवा. चिनी वैद्यक कामशक्तीचा संबंध ‘शन’शी जोडते. भाषांतरात त्याला मूत्रपिंड म्हणतात, पण अर्थ त्याहून कितीतरी व्यापक आहे. या ‘शन’ची कमतरता दोन तऱ्हेची. कंबर-गुडघे गार पडणे, रात्री वारंवार लघवी, फिकट जीभ ही यांगची, म्हणजे ऊब देणाऱ्या बाजूची. तळपायांची आग, रात्रीचा घाम, लाल आणि जवळपास थर नसलेली जीभ ही यिनची, म्हणजे थंडावा देणाऱ्या बाजूची. शिंगाची भुकटी (रोज 1 ते 2 ग्रॅम, तीही अगदी थोड्यापासून सुरू करून) पहिल्या प्रकारासाठी आहे. दुसऱ्या प्रकारात ती दिली की तुम्ही लिहिले आहे तेच होते. यिनच्या बाजूने ‘ल्यू वेइ दी ह्वांग’ देतात. सहा द्रव्ये, 8:4:4:3:3:3 या प्रमाणात. मुळात तो अकराव्या-बाराव्या शतकातले बालवैद्य छ्येन यी यांचा पाठ (औषधाची कृती) आहे, म्हणजे मुलांसाठीचा! जीभ-नाडी न पाहता दुकानातून उचललेली ‘शक्तिवर्धक’ डबी इथेच फसते.

जिनसेंगने वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो आणि मधुमेहाच्या औषधांबरोबर साखर उतरू शकते, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : ‘वू त्झ यान त्सोंग’ या पाच बियांचा काढा घरी कसा करावा?

उत्तर : यात गोजी, अमरवेलीच्या कुळातले बी, रासबेरीच्या जातीचे फळ, इसबगोलाच्या कुळातले बी आणि शिसांद्रा अशी पाच द्रव्ये 8:8:4:2:1 या प्रमाणात असतात. परंपरेने हा पाठ वीर्य आणि अपत्यप्राप्तीसाठी आहे, इच्छा वाढवण्याचा दावा त्यात दुय्यम.

मातीचे, इनॅमलचे किंवा स्टीलचे भांडे घ्या. लोखंड आणि ॲल्युमिनियम नको. द्रव्ये बुडून वर दोन बोटे राहील इतक्या गार पाण्यात अर्धा तास भिजवा. गरम पाण्यात टाकलीत तर बाहेरचा थर आवळतो आणि अर्क नीट उतरत नाही. अमरवेलीचे बी आधी ठेचावे, अख्खे बी शिजून तसेच राहते. इसबगोलाच्या कुळातले बी मात्र फडक्याच्या पुरचुंडीत बांधा, नाहीतर बुळबुळीत होऊन तळाला लागते आणि काढा करपतो. करपलेला काढा पाणी घालून वाचवू नये, ओतून द्यावा. उकळी आल्यावर मंद आचेवर 40 मिनिटे, गाळून पुन्हा पाणी घालून 30 मिनिटे. दोन्ही काढे एकत्र करून दिवसातून दोनदा.

यांगसाठीच्या कोणत्याही पाठात ‘फू त्झ’ दिसले तर तो घरी करू नका. हे बचनागाचे भाऊबंद आहे. त्यातले विष दीर्घ उकळीने मोडते, पण उकळी कमी पडली की ओठ-जीभ बधिर होते आणि पुढे हृदयाची लय बिघडते.

प्रश्न : डबी खरी की खोटी, कसे ओळखावे?

उत्तर : चीनमध्ये औषधाच्या मंजुरी क्रमांकात झेड हे अक्षर आणि पुढे आठ आकडे असतात, झेड म्हणजे पारंपरिक औषध. आरोग्यपूरक अन्नावर टोपीच्या आकाराचे निळे चिन्ह असते. अशा अन्नाला कोणते दावे करता येतात याची 2023 ची यादी 24 दाव्यांची आहे. ‘शारीरिक थकवा कमी करणे’ तीत आहे, लैंगिक शक्ती नाही. म्हणून निळी टोपी आणि कामशक्तीचे वचन एकाच डबीवर दिसले की ती डबी परत ठेवा. क्रमांक नोंदणीत शोधताना नाव, उत्पादक आणि क्रमांक तिन्ही जुळले पाहिजेत. नकली डबीवर खरा क्रमांक उसना घेतलेला असू शकतो.

प्रश्न : कामशक्तीसाठी बाहेरून चोळायचा काळा ‘दगड’ पाण्यात उगाळून पोटात घेतला तर चालतो का?

उत्तर : नाही. अशा दगडात बेडकाच्या ग्रंथींचे विष असते. 1993 ते 1995 दरम्यान न्यूयॉर्कमध्ये तो पोटात घेतलेल्या पाच धडधाकट पुरुषांपैकी चार जण मेले.

प्रश्न : पाळी थांबल्यापासून इच्छाच उरली नाही. बायकांसाठी काही आहे का?

उत्तर : ‘अर श्येन थांग’ हा 1950 च्या दशकात शांघायमध्ये बांधलेला काढा रजोनिवृत्तीच्या तक्रारींसाठी आहे. त्यात यिन यांग हुओबरोबर आपली काळी मुसळीही आहे. मुसळी किंचित विषारी मानली जाते, त्यामुळे तो महिनोन्‌महिने घेऊ नये. एपिमेडियमचा परिणाम काहीसा इस्ट्रोजेनसारखा असल्याने स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर टाळावा. संबंधाच्या वेळी कोरडेपणाने दुखत असेल तर आधी त्यावर उपचार घ्या. दुखते म्हणून मन मागे सरते, आणि कोणत्याही काढ्याने ते उलटे फिरत नाही. नैराश्यावरची काही औषधेही इच्छा मारतात. ती स्वतःहून सोडू नका, डॉक्टरांना बदलायला सांगा.

पुरुष वाचकांसाठी त्याच ओघात : लिंगाच्या धमन्या 1 ते 2 मि.मी. रुंद असतात, हृदयाच्या 3 ते 4. चरबीचा थर आधी अरुंद नळीत अडतो, म्हणून कमी झालेली ताठरता कधीकधी हृदयविकाराच्या काही वर्षे आधी दिसते. डबी उघडण्यापूर्वी रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल आणि सकाळी अकराच्या आत टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या.