कार अँप्लिफायर प्रोटेक्टमध्ये जातो, लाल दिवा लागतो, पण फ्यूज उडत नाही. घरी दुरुस्त होईल का?

तुमचा चार चॅनेलचा अँप चालू केला की लाल दिवा लागतो आणि आवाज अजिबात येत नाही. या तक्रारीच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, "फ्यूज मात्र शाबूत आहे." माझ्या मते अर्धं निदान त्या वाक्यातच आहे.

कारच्या अँपमध्ये एका डब्यात दोन यंत्रं असतात. पहिलं पॉवर सप्लायचं. तिथले मॉसफेट (स्विचसारखे वापरलेले ट्रान्झिस्टर) बॅटरीचे १२ व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात आणि तांब्याची तार गुंडाळलेल्या गोल ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकर हलवण्याइतकं अधिक-उणे व्होल्टेज तयार होतं. दुसरं यंत्र ऑडिओचं, त्यात आउटपुट ट्रान्झिस्टर येतात. सप्लायचा मॉसफेट शॉर्ट झाला तर बॅटरी जवळजवळ थेट अर्थला भिडते आणि फ्यूज जातोच. तुमचा जात नाही, म्हणजे सप्लाय बहुधा जिवंत आहे. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे आणि अँप स्वतःला वाचवतोय.

पण स्क्रू ड्रायव्हर एवढ्यात उचलू नका. आधी स्पीकरच्या सगळ्या वायरी आणि आरसीए (स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या केबल) काढा. फक्त तीन वायरी ठेवा: बॅटरीची, अर्थची आणि रिमोटची, म्हणजे स्टिरिओकडून अँपला चालू व्हायला सांगणारी. आता चालू करून पाहा. दिवा हिरवा झाला तर अँपला काही झालेलं नाही, दोष बाहेर आहे. मग एकेक स्पीकर परत जोडत जा. ज्या वायरीला दिवा लाल होईल ती गुन्हेगार.

हे मी पोळून शिकलोय. एका अँपचे आउटपुट ट्रान्झिस्टर मी बदलले. टेबलावर उत्तम वाजला, गाडीत लावला की लाल. दोन वेळा काढला, दोन वेळा लावला. शेवटी लक्षात आलं की ड्रायव्हरचं दार उघडं असलं की हिरवा आणि लावलं की लाल. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत स्पीकरची वायर सोलली गेली होती आणि दार मिटताना तांबं बॉडीला टेकत होतं. पहिला आउटपुटही त्यानेच मारला असणार. म्हणून स्पीकरच्या दोन्ही वायरी अँपकडून सोडवून प्रत्येकीचा बॉडीशी संबंध मीटरवर तपासा, दारं उघडून आणि मिटून. काहीही संबंध दिसता कामा नये. त्याच वेळी स्पीकरचा रेझिस्टन्सही मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. एक-दीड दाखवत असेल तर व्हॉइस कॉइल जळली आहे.

अर्थही बघून घ्या. रंगावर आवळलेला स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे, पत्रा घासून चकचकीत करावा लागतो. अर्थ सैल असेल तर करंट आरसीएच्या जाळीतून वाट काढतो आणि बिचारा स्टिरिओ विनाकारण मरतो.

सगळं काढूनही लालच राहिला, तर डबा उघडायचा. बॅटरीची वायर काढा, मोठे कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे करा. मीटर डायोड तपासायच्या खुणेवर ठेवा आणि हीटसिंकला आवळलेल्या ट्रान्झिस्टरांकडे जा. त्यांच्या मधल्या आणि उजव्या पायावर प्रोब लावा, मग प्रोब उलटे करून पुन्हा बघा. चांगला ट्रान्झिस्टर दोन्ही बाजूंनी सारखा शून्य दाखवत नाही. ज्याच्यावर दोन्ही बाजूंनी मीटर किंचाळतो, तो चॅनेल सापडला. एकाच चॅनेलमध्ये दोन-दोन समांतर असतील तर एक मेल्यावर शेजारचाही मेलेला दिसतो, कारण दोघांच्या मध्ये फक्त पाव-अर्ध्या ओहमचे रेझिस्टर असतात. तिथे पाय सुटा करून मोजण्याला पर्याय नाही.

सप्लायच्या मॉसफेटमध्येही हाच चकवा आहे, आणि जास्त वाईट. मॉसफेटला गेट, ड्रेन आणि सोर्स असे तीन पाय असतात, आणि दोन्ही गटांचे ड्रेन ट्रान्सफॉर्मरच्या जाड वळशांतून एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे एक शॉर्ट झाला तरी सगळे शॉर्ट दिसतात आणि नवखा माणूस सगळ्यांना मृत घोषित करतो. तिथे गेट बघायचा. मेलेल्याचा गेट बहुतेक वेळा सोर्सशीही शॉर्ट सापडतो आणि त्याचा छोटा गेट रेझिस्टर करपलेला असतो.

बदलताना कंजूषी नको. त्या चॅनेलची पूर्ण जोडी बदला, तिला चालवणारे छोटे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर तपासा आणि उडालेले रेझिस्टर तेवढ्याच ओहमचे लावा. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधला अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा तुकडा विसरू नका. तो फाटलेला असेल तर तुम्ही नव्याने शॉर्ट बसवताय. आणि ट्रान्झिस्टर हीटसिंकला दाबून धरणारा क्लॅम्प आवळल्याशिवाय चालू करू नका. "फक्त दोन सेकंद बघतो" म्हणून मी एकदा चालू केला होता, ट्रान्झिस्टरने तेवढाही वेळ दिला नाही.

पहिल्यांदा चालू करताना बॅटरीच्या वायरीत हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर शॉर्ट अजून आत आहे, आणि जळायला नवा पार्ट नाही, बल्ब आहे.

आउटपुट सगळे चांगले निघाले आणि तरीही लाल असेल, तर सप्लायचे मॉसफेट चालवणाऱ्या आयसीकडे वळा. बऱ्याच अँपमध्ये ती टीएल४९४ असते. तिच्या १२ नंबरच्या पायावर बॅटरीचं व्होल्टेज आणि १४ नंबरवर ५ व्होल्ट यायला हवेत. क्लास डी अँप (ज्याचे आउटपुटही स्विचसारखे चालू-बंद होतात) असेल, बोर्डावर थेट चिकटवलेल्या बारीक सरफेस माउंट पार्टचा, तर मात्र मी घरी हात घालू नका असंच म्हणेन. त्यात एक चुकीचा पार्ट इतर चार घेऊन जातो.

हिरवा दिवा लागला म्हणून लगेच स्पीकर जोडू नका. गाणं न लावता प्रत्येक चॅनेलच्या आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर जोडा, पण पहिली चाचणी तुम्हाला गमावायला हरकत नाही अशा जुन्या स्पीकरवर करा.