सायकली दिल्या, तरी मुली शाळेत का येत नाहीत?

प्रश्न : आमची संस्था एका डोंगरी तालुक्यात मुलींच्या शिक्षणासाठी काम करते. सातवीनंतरची शाळा लांब पडते म्हणून आम्ही देणग्या जमवून सायकली वाटल्या, तरी गळती थांबलेली नाही. अलीकडे देणगीदारांच्या आग्रहावरून ‘डिझाइन थिंकिंग’ची, म्हणजे वापरणाऱ्याची गरज समजून घेऊन उपाय घडवण्याच्या पद्धतीची, दोन दिवसांची कार्यशाळा झाली. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या, पाच पायऱ्या पाठ केल्या आणि शेवटी ‘सायकलींच्या देखभालीसाठी मोबाइल ॲप’ असा उपाय निघाला. या पद्धतीत खरोखर काही आहे, की हे नुसते थोतांड आहे?
— एक कार्यकर्ती, नंदुरबार जिल्हा

उत्तर : तुमचा संशय रास्त आहे, मात्र त्या दोन दिवसांत एकाही मुलीच्या घरी कोणी गेल्याचे पत्रात दिसत नाही. सायकल हे ‘शाळा लांब आहे’ या निदानावरचे औषध आहे आणि ते निदान कोणी तपासलेले नाही. या पद्धतीतला मला मोलाचा वाटणारा भाग नेमका हाच आहे : उपाय शोधण्यापूर्वी आपण प्रश्न तरी बरोबर मांडला आहे का, हे ज्याचा तो प्रश्न आहे त्याच्या अंगणात जाऊन पाहणे.

याचे एक उदाहरण पाहा. २००७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांना स्वस्त इन्क्युबेटर तयार करण्याचे काम मिळाले होते. तेव्हा नवजात बाळांच्या अशा एका काचपेटीची किंमत २०,००० डॉलरांच्या घरात होती. त्यांच्यापैकी एक जण नेपाळला गेला, तेव्हा काठमांडूच्या रुग्णालयात काचपेट्या रिकाम्या पडलेल्या त्याला दिसल्या. ज्या बाळांना त्यांची गरज होती, ती दूरच्या खेड्यांत जन्मत होती आणि शहरापर्यंत पोहोचतच नव्हती. पेटी कितीही स्वस्त केली असती, तरी ती रिकामीच राहिली असती. तेव्हा प्रश्नच बदलला : विजेवाचून, घरच्या घरी, आई बाळाला ऊब कशी देऊ शकेल? त्यातून ‘एम्ब्रेस’ हे पिशवीसारखे दुपटे तयार झाले. त्यात मेणासारखा पदार्थ भरलेली थैली असते आणि वितळवलेला तो पदार्थ घट्ट होताना कित्येक तास ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब देतो. पुढे भारतातील खेड्यांत आणखी एक गोष्ट लक्षात आली. डॉक्टरांनी चमचाभर औषध सांगितले, तर काही माता जपून अर्धाच चमचा देत. त्याच न्यायाने त्या थैलीही सांगितल्यापेक्षा कमी तापवतील, अशी भीती होती. म्हणून तापमानाचा आकडा काढून, थैली तयार झाली की नाही एवढेच दाखवणारी खूण ठेवण्यात आली. ‘तुम्ही सूचना पाळता का?’ असे प्रश्नावलीत विचारले असते, तर बहुतेकींनी ‘हो’च म्हटले असते.

‘डिझाइन थिंकिंग’ हे नाव आपल्याकडे रूढ होण्यापूर्वीच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या आरोग्यसेवी संस्थेने दवाखाना कसा हवा, हे आदिवासींनाच विचारले होते. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांपासून ताटातूट होते, आणि तुमचे डॉक्टर घालतात ते पांढरे कापड आम्ही प्रेतावर घालतो, असे त्यांनी सांगितले. शोधग्राम या संस्थेच्या परिसरातील दंतेश्वरी देवीच्या नावाचा दवाखाना आदिवासी वस्तीसारखा, झोपड्यांचा उभा राहिला तो त्यामुळे.

तेव्हा शाळा सोडलेल्या चार आणि टिकलेल्या चार मुलींबरोबर पहाटेपासून अंधार पडेपर्यंत एकेक दिवस काढा. पाणी कोण भरते, धाकटे भावंड कोणाजवळ राहते, घरात सायकल प्रत्यक्षात कोण चालवते, चढावर ती किती अंतर ढकलावी लागते, कोणत्या वळणावर मुली गप्प होतात आणि शाळेतील स्वच्छतागृहाला कडी आहे का, हे डोळ्यांनी पाहा. दिवाळीनंतर कुटुंबच ऊसतोडीला गुजरातेत जात असेल, तर सायकल कुलूपबंद घरात पडून राहणार, हे मी तुम्हाला सांगायला नकोच. आईसमोर मिळालेले उत्तर आणि मैत्रिणीबरोबर चालताना मिळालेले उत्तर वेगळे निघेल. दोन्ही लिहून ठेवा. त्यानंतर एखादा बिनखर्चाचा प्रयोग पंधरा दिवस करा, उदाहरणार्थ वस्तीतील सर्व मुलींनी गावातील एखाद्या मावशीच्या सोबतीने एकत्र जाणे. तो फसला तरी आपला समज कुठे चुकला हे कळेल, आणि या टप्प्यावर तेच हवे आहे.

प्रश्न : इतके केल्यावर गळती पूर्ण थांबेल का? (त्याच पत्रातून)

उत्तर : नाही. १९७३ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या प्राध्यापकांनी अशा सामाजिक प्रश्नांना ‘विकेड’ (शब्दशः ‘दुष्ट’) म्हटले, कारण त्यांची अंतिम मांडणी करता येत नाही, ‘आता सुटला’ असा मुक्काम त्यांना नसतो आणि प्रत्येक प्रश्न दुसऱ्याच एखाद्या प्रश्नाचे लक्षण ठरू शकतो. तुमच्या गळतीखाली मजुरी, स्थलांतर आणि लवकर होणारी लग्ने आहेत. ती चिठ्ठ्यांनी हलणार नाहीत, आणि हलतील असे सांगणाऱ्या सल्लागाराला पुन्हा बोलावू नका. मात्र पुढच्या अहवालात किती सायकली वाटल्या याच्या शेजारी, त्यांतल्या किती आज मुलींच्याच हाती आहेत हा आकडाही लिहा, देणगीदारांनी तो मागितला नसला तरी.