ऊर्जा ‘शोषणे’ की ‘जिरवणे’?

प्रश्न असा आहे: भूकंपात तग धरणाऱ्या पोलादी इमारतींवर लिहिताना ‘ब्रेसिंग भूकंपाची ऊर्जा शोषून घेते’ असं वाक्य आलं (ब्रेसिंग म्हणजे खांब-तुळयांच्या चौकटीत बसवलेला तिरपा आधार), पण त्यातलं ‘शोषून’ खटकतंय. दुसरं क्रियापद आहे का?

आहे, आणि ते रोजच्या बोलण्यातलं आहे: जिरवणे.

स्पंज पाणी शोषतो आणि पिळला की परत देतो. स्प्रिंगचंही तसंच, दाबताना घेतलेली ऊर्जा ती सोडताना परत करते. इमारत नुसती अशी देवघेव करत राहिली तर हादरे थांबल्यावरही झुलत राहील. जिरलेलं मात्र परत हाती येत नाही. अंगात जिरलेलं तेल, जिरलेला राग, आणि सर्वांत चपखल म्हणजे जिरलेलं अन्न, कारण त्याचं रूपच पालटतं.

पोलादात नेमकं हेच घडतं. एखादी तार जरा वाकवून सोडा, ती सरळ होते. जास्त वाकवली की तशीच राहते. तीच जागा भराभर पुढे-मागे वाकवत राहा आणि लगेच बोट लावून पाहा, गरम लागेल. हाताचे कष्ट उष्णता होऊन तिथे जिरले. बांधकामातल्या साध्या पोलादाची 1 मीटरची कांब साधारण 1.25 मिलिमीटर ताणली जाईपर्यंत पूर्ववत होते. त्यापुढे ती कायमची लांबते. जिरवणं सुरू होतं ते तिथून.

याच ओघात ‘वाकणे’ आणि ‘नमणे’ यांतही फरक करावा असं मला फार वाटतं. खांब-तुळयांच्या चौकटीतली साधी तिरपी ब्रेसिंग ताणाला छान टिकते, पण दाबली की तिला मधोमध बाक येतो आणि पुढच्या हेलकाव्यात ती दुबळी पडते. यावर 1980च्या दशकात जपानमध्ये एक सुंदर तोड निघाली. पोलादी पट्टी मॉर्टर (सिमेंट-वाळूचं मिश्रण) भरलेल्या नळीत बसवायची, आणि पट्टी व मॉर्टर यांच्यामध्ये दोघांना चिकटू न देणारा पातळ थर ठेवायचा. भार फक्त पट्टी घेते, नळी तिला बाक येऊ देत नाही. मग पट्टी ताणातही नमते आणि दाबातही, दर हेलकाव्याला, जवळजवळ सारख्याच ताकदीनं. बाक एका जागी येतो, नमणं पट्टीच्या लांबीभर पसरतं. म्हणून ‘यिल्ड’साठी, म्हणजे पोलाद कायमचं रूप बदलू लागतं त्यासाठी, मी ‘नमणे’ वापरतो. त्यात हार नाही, भार न सोडता रूप बदलणं आहे.

‘शोषण’ हा शब्द टाकाऊ नाही. प्रकाशाच्या बाबतीत तो रुळलेला आहे आणि तिथे तोच हवा. तुमचं वाक्य मात्र मी असं लिहीन: ‘ब्रेसिंगमधली पट्टी नमते आणि भूकंपाची बरीचशी ऊर्जा स्वतःत जिरवते, त्यामुळे खांबांवरचा प्रसंग टळतो.’